रेंडरिंग सॉफ्टवेअर आणि टेक्स्चर निवडताना क्रम कुठे चुकतो

"कोणतं रेंडरिंग सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो. रेंडरिंग म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढणं. विचारणारे बहुतेक इंटिरियर डिझायनर, नुकतेच पास झालेले आर्किटेक्ट किंवा तीन-चार माणसांचं ऑफिस चालवणारे असतात. जरा चौकशी केली की कळतं, निम्मी खरेदी आधीच झालेली आहे आणि तीही उलट्या क्रमाने. व्हिडिओ पाहून सॉफ्टवेअर ठरलं, ते अडखळतंय म्हणून ग्राफिक कार्ड घेतलं, मग पन्नास जीबी टेक्स्चर्स (दगड, लाकूड, कापड यांच्या पृष्ठभागाच्या प्रतिमा) उतरवून ठेवली. एवढं करूनही क्लायंटच्या हॉलमधली कोटा फरशी चित्रात प्लास्टिकसारखी दिसते.

क्रम असा हवा: आधी काम, मग मशीन, मग तुम्ही ज्यात मॉडेल करता ते सॉफ्टवेअर, मग रेंडरर (चित्र काढणारं सॉफ्टवेअर), मग चाचणी आणि सगळ्यात शेवटी टेक्स्चर्सचा साठा. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढच्या टप्प्यात तो दुप्पट वेळ खाऊन परत येतो.

## सुरुवातीआधी: हे टेबलावर हवं

तुम्ही स्वतः केलेल्या आणि बांधून पूर्ण झालेल्या एका जागेचं मॉडेल शोधून काढा. एक हॉल पुरे, एक स्वयंपाकघरही पुरे. त्या जागेचे दिवसा काढलेले दोन-तीन फोटो, मोजपट्टी आणि तिथे वापरलेल्या मालाचे तुकडे जवळ ठेवा: फरशीचा एक तुकडा, लॅमिनेटचं सॅम्पल, रंगाचं शेड कार्ड.

एवढं सगळं जमवायचं कारण आहे. सॉफ्टवेअर कंपनीचं नमुना दृश्य कोणत्याही मशीनवर देखणंच दिसतं, कारण ते जाणकारांनी महिनोन्महिने घासून बनवलेलं असतं. तुम्ही स्वतः उभे राहिलेल्या खोलीचं रेंडर आणि तिचा फोटो शेजारी ठेवलात की काय खोटं दिसतंय ते पाच मिनिटांत कळतं.

## टप्पा १: काम आकड्यांत लिहा

"मला रिअलिस्टिक रेंडर हवेत" हे उत्तर इथे चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत काय काय दिलंत ते लिहा: किती स्थिर व्ह्यू, किती वॉकथ्रू (जागेतून फिरवून आणणारे व्हिडिओ), क्लायंटसमोर बसून किती वेळा बदल केले, छपाईला किती गेलं. मग प्रत्येकाचा हिशोब मांडा.

छपाईपासून सुरुवात करू. ए३ ब्रोशर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर चित्र ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतं. फुल एचडीच्या तुलनेत हे आठपटींहून जास्त पिक्सेल आहेत. फुल एचडीचं रेंडर १० मिनिटांत होत असेल, तर ब्रोशरच्या चित्राला सव्वा ते दीड तास धरून चाला.

वॉकथ्रूचा हिशोब याहून कडक आहे. एका मिनिटाच्या वॉकथ्रूत सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १५०० फ्रेम होतात. फ्रेमला ५ मिनिटं लागली तर १२५ तास, म्हणजे मशीन पाच दिवसांहून जास्त अडकलं. तीच फ्रेम २० सेकंदांत झाली तर साडेआठ तासांच्या आत, एका रात्रीत काम उरकतं. महिन्याला दोन वॉकथ्रू देणाऱ्या ऑफिसची निवड या एका गणितावर ठरते, चित्राच्या बारीक गुणवत्तेवर नाही.

तपासा: कागदावर तीन आकडे आले का? महिन्याचे व्ह्यू, महिन्याची वॉकथ्रूची मिनिटं आणि सर्वात मोठ्या चित्राचे पिक्सेल. हे तीन नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मशीनची खरी ताकद मोजा

रेंडरर ढोबळमानाने दोन प्रकारचे. काही मुख्य प्रोसेसरवर चालतात, काही ग्राफिक कार्डवर. कोरोना प्रोसेसरवर चालतो. एन्स्केप, ल्युमियन, ट्विनमोशन आणि डी५ ग्राफिक कार्डवर चालतात. व्ही-रे आणि ब्लेंडरमधलं सायकल्स दोन्हीकडे चालतात. त्यामुळे "चांगलं कॉम्प्युटर घेतलंय" याला अर्थ नाही, पैसे नेमके कशावर खर्च झाले ते पाहावं लागतं. जुन्या कार्डाच्या पण सोळा कोअरच्या मशीनवर कोरोना उत्तम चालेल आणि ल्युमियन रडवेल.

कार्डवर रेंडर करायचं तर कार्डाच्या वेगाआधी त्याची स्वतःची मेमरी बघा. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून गणित सविस्तर देतो.

४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ बाय ४०९६ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर उघडल्यावर ते मेमरीत ६४ एमबी जागा घेतं. डिस्कवर ती जेपीजी फाइल १० एमबीची दिसेल, पण कार्डात ती उलगडूनच जाते. एका मटेरियलला चार मॅप, म्हणजे पृष्ठभागाचा एकेक गुण सांगणाऱ्या प्रतिमा धरा: रंग, रफनेस (खडबडीतपणा), नॉर्मल (उंचसखलपणाचा भास), डिस्प्लेसमेंट (प्रत्यक्ष उंचसखलपणा). झाले २५६ एमबी. अशी २५ मटेरियल्स एका फ्लॅटमध्ये सहज होतात आणि त्यांची बेरीज ६४०० एमबी. म्हणजे ८ जीबीचं कार्ड टेक्स्चर्सनीच भरत आलं. सोफे, झाडं, पडदे अजून आलेलेच नाहीत. काही सॉफ्टवेअर टेक्स्चर्स आतल्या आत दाबून ठेवतात, तरी खरेदीचा हिशोब याच मापाने करा.

हीच टेक्स्चर्स २केची घेतली तर जागा चौथाई, म्हणजे १६०० एमबी. ८के घेतली तर चौपट.

सावध: दोन कार्डं लावली की दोघांची मेमरी एकत्र होते असं समजू नका. सर्वसाधारण जोडणीत प्रत्येक कार्डाला पूर्ण दृश्य आपापल्या मेमरीत ठेवावं लागतं. ८ अधिक ८ म्हणजे वेग वाढतो, जागा ८च राहते.

## टप्पा ३: मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरपासून रेंडररकडे या

आता निवड. तुम्ही कशात मॉडेल करता यावरून यादी आपोआप लहान होते.

स्केचअप किंवा रेव्हिटमध्ये काम आणि क्लायंटसमोर जागच्या जागी बदल दाखवायची गरज असेल, तर एन्स्केप पहिला उमेदवार. तो त्याच सॉफ्टवेअरच्या आत बसतो, मॉडेलमध्ये भिंत सरकवली की स्क्रीनवर शेजारी उघडलेल्या रेंडरमध्येही लगेच सरकते. बाहेरची दृश्यं, बंगल्याचं एलिव्हेशन, झाडी आणि वॉकथ्रू जास्त असतील तर ल्युमियन, ट्विनमोशन आणि डी५ यांच्यात तुलना करा. तिन्ही स्वतंत्र सॉफ्टवेअर आहेत आणि मॉडेलमधले बदल थेट जोडणीने आत घेतात. ल्युमियन प्रोला विंडोज लागतं, त्यामुळे मॅकवाल्यांनी त्यावर वेळ घालवू नये. डी५ रे ट्रेसिंगवर (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्यावर) उभा आहे, तिथे आरटीएक्स वर्गाचं कार्ड असेल तरच मजा आहे.

थ्रीडीएस मॅक्समध्ये काम करणारे आणि महिन्याला मोजकीच पण अत्यंत नेटकी इंटिरियरची चित्रं देणारे यांना कोरोना आणि व्ही-रे हेच दोन खरे पर्याय. दोन्ही आता केऑस याच कंपनीचे आहेत. २०१७ मध्ये केऑसने कोरोना घेतलं आणि २०२२ मध्ये एन्स्केपही तिच्यात विलीन झालं. म्हणून या तिन्हींमध्ये केऑस कॉसमॉस हा एकच तयार मालाचा साठा मिळतो. माझं मत विचाराल तर नवशिक्याने इंटिरियरसाठी कोरोनाने सुरुवात करावी. त्यात सेटिंग्ज कमी आहेत, त्यामुळे शिकणारा प्रकाश आणि मटेरियलकडे लक्ष देतो. व्ही-रेची ताकद मोठी, पण बटणांच्या जंगलात पहिले सहा महिने जातात.

पैसे नाहीत किंवा नुकतंच ऑफिस सुरू केलंय? ब्लेंडर घ्या. ते पूर्ण मोफत आहे, व्यावसायिक कामालाही, आणि सायकल्सचं चित्र कोणापुढेही कमी पडत नाही. किंमत शिकण्याच्या वेळेत मोजावी लागते. स्केचअपची फाइल त्यात थेट उघडत नाही, मधली पायरी लागते. ट्विनमोशनही २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना मोफत आहे, म्हणजे आपल्याकडची जवळपास सगळी छोटी ऑफिसं त्यात बसतात. डी५ची मर्यादित सोयींची आवृत्तीही मोफत आहे.

विद्यार्थी आवृत्तीवर पैसे घेऊन काम करू नका आणि क्रॅक केलेली प्रत मशीनवर घेऊ नका. कायद्याची बाब आहेच, शिवाय रोजच्या कामाचं नुकसान असं की लॉगिनशिवाय कॉसमॉससारखे साठे उघडत नाहीत, अपडेट येत नाहीत आणि क्लायंटच्या फाइल्स असलेल्या मशीनवर अनोळखी प्रोग्रॅम चालत राहतो. मोफत पर्याय इतके भक्कम असताना ही जोखीम घेण्याचं कारणच उरत नाही.

तपासा: यादीत फक्त दोन नावं उरली पाहिजेत. तीन उरली असतील तर टप्पा १ मधला कागद पुन्हा वाचा.

## टप्पा ४: एक खोली, दोन सॉफ्टवेअर

दोन्हींची चाचणी आवृत्ती उतरवा. चाचणीची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून मॉडेल आधी साफ करा आणि मगच सॉफ्टवेअर चालू करा. लोक उलट करतात आणि मुदतीचा अर्धा काळ मॉडेल दुरुस्त करण्यात घालवतात.

मॉडेलची सफाई म्हणजे तीन गोष्टी:

१. स्केचअपमध्ये मोनोक्रोम मोडला जा. निळसर-करड्या दिसणाऱ्या बाजू उलट्या आहेत, त्या सरळ करा. उलटी बाजू काही रेंडररमध्ये काळी दिसते, काहींत दिसतच नाही.

२. मॉडेल शून्य बिंदूजवळ आणा. सर्व्हेच्या ऑटोकॅड फाइलवरून मॉडेल उचललं असेल तर ते शून्यापासून कित्येक किलोमीटर दूर बसलेलं असतं. त्याने सावल्या फाटतात, पृष्ठभाग थरथरतात, आणि दोष रेंडररला दिला जातो.

३. माप तपासा. दरवाजा सात फुटांचाच आहे ना? मिलिमीटर आणि इंचांची गल्लत असेल तर प्रकाश आणि टेक्स्चर दोन्ही बिघडतात.

आता दोन्हींत तोच कॅमेरा, तोच सूर्य, तोच सोफा. पहिलं रेंडर सगळ्या वस्तूंना एकच फिकट करडं मटेरियल देऊन काढा. याला आम्ही मातीचं रेंडर म्हणतो. यात प्रकाश खिडकीतून आत कसा पसरतो, कोपऱ्यात सावली मऊ पडते का, छतावर डाग येतात का हे उघड दिसतं. रंगीत मटेरियल्स चढवली की हे दोष लपतात आणि तीन आठवड्यांनी क्लायंटच्या चित्रात वर येतात.

मग तीन आकडे नोंदवा: मॉडेल आत घेऊन पहिलं बरं चित्र येईपर्यंतचा वेळ, अंतिम आकाराच्या रेंडरचा वेळ, आणि एक भिंत सरकवून पुन्हा रेंडर निघेपर्यंतचा वेळ. तिसरा आकडा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. आपल्या कामात पहिलं चित्र कधीच शेवटचं नसतं. टीव्ही युनिट डावीकडे जातं, मग परत उजवीकडे येतं, आणि देवघराची जागा तर शेवटपर्यंत बदलत राहते.

सावध: चाचणीत डीनॉइझर बंद करूनही एक चित्र काढा. डीनॉइझर दाणे पुसतो, पण कमी नमुन्यांवर (दर पिक्सेलला प्रकाश थोड्याच वेळा मोजला असेल तर) तो लाकडाच्या रेषा, कापडाची वीण आणि फरशीचे सांधेही पुसून टाकतो. चित्र मेणासारखं गुळगुळीत दिसत असेल तर दोष बहुधा टेक्स्चरचा नाही, डीनॉइझरचा आहे.

## टप्पा ५: टेक्स्चरचा साठा निवडा, परवाना आधी वाचा

पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या दोन ठिकाणांपासून सुरुवात करा. दोन्हींवरचा माल सीसी झिरो परवान्याखाली आहे. व्यावसायिक वापर चालतो, नाव देण्याची सक्ती नाही, पैसे नाहीत. पॉली हेवनवर टेक्स्चर्सबरोबर आकाशाचे एचडीआरआय (दृश्याला प्रकाश देणारे चौफेर फोटो) आणि मॉडेल्सही आहेत, आणि टेक्स्चरच्या पानावर ते प्रत्यक्षात किती मीटर रुंद आहे तेही दिलेलं असतं. हा आकडा लिहून घ्या, पुढच्या टप्प्यात लागेल.

पैसे देऊन घ्यायचं तर पोलिगॉन, टेक्स्चर्स डॉट कॉम, अडोबीचे सबस्टन्स असेट्स वगैरे आहेत. क्विक्सेलच्या मेगास्कॅन्सचा साठा २०२४ च्या ऑक्टोबरपासून फॅब या एपिक गेम्सच्या ऑनलाइन बाजारावर आहे. तो त्या वर्षअखेरपर्यंत सर्वांना मोफत होता, त्यामुळे जुने लेख वाचून आज "सगळं फुकट आहे" असं गृहीत धरू नका.

परवान्याचे तीन सापळे नेहमीचे आहेत. सीसी बाय असेल तर निर्मात्याचं नाव द्यावं लागतं, आणि ब्रोशरवर ती जागा बिल्डर देणार नाही. "एडिटोरियल" (फक्त बातम्या-लेखांसाठी) असं लिहिलेलं मॉडेल जाहिरातीत वापरता येत नाही. तिसरा सापळा कमी लोकांना माहीत आहे: बहुतेक विकतच्या साठ्यांत तुम्ही तयार चित्र क्लायंटला देऊ शकता, मूळ टेक्स्चर फाइल देऊ शकत नाही. क्लायंटने थ्रीडीची मूळ फाइल मागितली तर ती टेक्स्चर्ससकट देण्याआधी अटी वाचा. गूगलवर शोधून उचललेला फोटो यांतल्या कशातच बसत नाही, तो वापरूच नका.

टाइल आणि लॅमिनेटच्या बाबतीत मात्र साठा धुंडाळण्याआधी डीलरला फोन करा. कंपन्या त्यांच्या डिझाइनच्या फाइल्स देतात. मागताना सांगा की एका डिझाइनचे सगळे वेगवेगळे छाप हवेत. एकाच डिझाइनच्या व्हिट्रिफाइड टाइलवर अनेक निरनिराळे छाप असतात. त्यातला एकच घेऊन अख्खा हॉल भरला की संगमरवरी रेघ दर दोन फुटांवर त्याच जागी येते आणि चित्र तिथेच पडतं.

सावध: साठा गोळा करत बसू नका. तुमच्या कामात परत परत येणारी वीस मटेरियल्स लिहा. माझ्या यादीत कोटा, शहाबाद, कडाप्पा, जांभा, आयपीएस (सिमेंटची ओतीव फरशी), पांढरा गिलावा, सागाचं व्हिनियर, मंगळुरी कौल, पितळ, सुती पडदा अशी नावं आहेत. आधी ही वीस नीट बसवा.

## टप्पा ६: टेक्स्चर वापरण्याआधी पाच तपासण्या

चित्र खोटं दिसण्याची दहातली आठ कारणं मला या टप्प्यात सापडतात. घाई इथे करू नका.

पहिली, माप. १२०० मिलिमीटर रुंद टेक्स्चर मॉडेलमध्येही १२०० मिलिमीटरच बसलं पाहिजे. डोळ्याच्या अंदाजाने ओढून बसवलेली वीट, लाकडाची रेघ किंवा दगडाचा दाणा पाहणाऱ्याला लगेच खटकतो, भले त्याला कारण सांगता येणार नाही. व्हिनियरला आठ बाय चारच्या शीटचा हिशोब लावा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. रेघ शटरवर उभी जाते की आडवी हे सुताराला जसं सांगाल तसंच इथे बसवा. प्रत्येक शटरवर टेक्स्चर थोडं सरकवा, नाहीतर चारही शटर एकाच झाडाच्या एकाच कापातून आल्यासारखे दिसतात.

दुसरी, कलर स्पेस. फक्त रंगाचा मॅप एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांची नेहमीची पद्धत) असतो. रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट, मेटॅलिक हे आकडे आहेत, रंग नव्हेत. ब्लेंडरमध्ये त्यांना नॉन-कलर द्या, थ्रीडीएस मॅक्समध्ये गॅमा १.० वर ठेवा. हे चुकलं की फरशीची चमक आणि खाचा दोन्ही विचित्र होतात, आणि माणूस तासभर दिवे फिरवत बसतो.

तिसरी, नॉर्मल मॅपचा प्रकार. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या दोन पद्धतींत हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो. ब्लेंडरला ओपनजीएल लागतो, अनरियल इंजिनला डायरेक्टएक्स. चुकीचा लावला की विटांचे सांधे आत जाण्याऐवजी फुगून बाहेर आलेले दिसतात. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी दोन्ही प्रकार देतात, योग्य तो उतरवा. एकच हाताशी असेल तर कोरोना आणि व्ही-रेच्या नॉर्मल नोडमध्ये हिरवा चॅनेल उलटवण्याची सोय आहे. ओळखायची सोपी रीत: वरून प्रकाश टाका, सांध्याच्या वरच्या कडेला सावली पडली तर बरोबर.

चौथी, रफनेस की ग्लॉसिनेस (गुळगुळीतपणा). एकाचं पांढरं ते दुसऱ्याचं काळं. व्ही-रेमध्ये मूळ सेटिंग ग्लॉसिनेसचं असतं, तिथे रफनेसचा मॅप लावायचा तर सेटिंग बदला किंवा मॅप उलटवा. न बदलता लावलात तर पॉलिश केलेला कडाप्पा पाटीसारखा कोरडा आणि गिलाव्याची भिंत आरशासारखी होते.

पाचवी, पांढऱ्या रंगाची मर्यादा. आपल्याकडे भिंती पांढऱ्या, छत पांढरं, आणि लोक २५५ (रंगाचा सर्वात वरचा आकडा) टाकून मोकळे होतात. खऱ्या जगात सर्व प्रकाश परत फेकणारा रंग नाही. ताजा बर्फसुद्धा साधारण ८० टक्के परत देतो. एसआरजीबीत २३० म्हणजे सुमारे ७९ टक्के, भिंतीसाठी ही कमाल मर्यादा धरा. त्यापेक्षा वर गेलात की प्रकाश खोलीत विझतच नाही, कोपऱ्यांतल्या सावल्या नाहीशा होतात, दाणे वाढतात आणि रेंडरचा वेळही. भिंत मळकट दिसत असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवा, रंगाला हात लावू नका.

तपासा: दहा मीटर बाय दहा मीटरच्या पृष्ठभागावर टेक्स्चर पसरवा आणि वरून, मग तिरक्या कोनातून पाहा. ठरावीक अंतराने एखादा डाग किंवा गाठ पुन्हा पुन्हा दिसते का? दिसली तर ते टेक्स्चर लहान जागेसाठीच वापरा.

रिझोल्यूशनबद्दल एवढंच लक्षात ठेवा. ३८४० पिक्सेल रुंद चित्रात दोन मीटरचं टेक्स्चर अर्धी रुंदी व्यापत असेल, तर ते १९२० पिक्सेलमध्ये दिसणार आहे. तिथे २के पुरतं. ४के फक्त कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या वस्तूला द्या, बहुधा समोरच्या टेबलाला किंवा गालिच्याला. ८केची गरज मला इंटिरियरमध्ये क्वचितच पडली आहे.

## टप्पा ७: साठ्यात नसलेला दगड स्वतः बनवा

परदेशी साठ्यांत जांभा जवळपास सापडत नाही. लाल वीट असते, गंजलेला वालुकाश्म असतो, आणि मग कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घराच्या चित्रात लोक तेच लावतात. घरमालक ज्या चिऱ्यांच्या घरात लहानाचा मोठा झाला ते त्याच्या डोळ्यांत पक्के बसलेले असतात, तो पहिल्या नजरेत म्हणतो, "हा आमचा दगड नाही." शहाबाद आणि आयपीएसची तीच गत. यावर उपाय एकच, फोटो काढून स्वतः बनवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

१. भिंत निवडा. ताज्या कापाचा चिरा तांबूस-नारिंगी असतो, जुना पावसाने काळवंडतो आणि शेवाळ धरतो. तुमच्या प्रकल्पात कोणता येणार आहे ते ठरवून मग बाहेर पडा.

२. वेळ निवडा. प्रकाश सावलीतला हवा, भिंतीवर ऊन नको. पावसाळ्यात ढग आयते मिळतात, पण दगड ओला आणि गडद असतो. त्यापेक्षा दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत, ऊन दुसऱ्या बाजूला असताना भिंतीची सावलीतली बाजू घ्या.

३. मोजपट्टी भिंतीला लावून एक फोटो आणि करडं कार्ड (रंग जुळवण्यासाठीचं फोटोग्राफीचं कार्ड) धरून एक फोटो. हे दोन विसरलात तर माप आणि रंग दोन्ही अंदाजावर जातात. चिऱ्याची लांबी-उंची आणि सांध्याची जाडीही लिहून घ्या, गावागणिक ती बदलते.

४. कॅमेरा भिंतीशी काटकोनात, शक्य तितका लांबून, थोडा झूम करून. मोबाइलच्या वाइड लेन्सने चिरे कडेला वाकतात.

५. घरी आल्यावर फोटो सरळ करा आणि पूर्ण चिऱ्यांवर कापा. अर्ध्या चिऱ्यावर कापलेला तुकडा कधीच नीट जुळत नाही. क्रिटामध्ये डब्ल्यू दाबलं की चित्र चारी बाजूंनी जोडून दिसतं, तिथेच सांधे पुसत जा. क्रिटा मोफत आहे.

६. उंची आणि नॉर्मलचे मॅप मटेरियलाइझ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात. जांभ्याची सच्छिद्रता काही मिलिमीटरचीच असते. डिस्प्लेसमेंट दोन-तीन सेंटिमीटर दिलंत तर भिंत खडकासारखी फुगते. दूरच्या भिंतींना डिस्प्लेसमेंट देऊच नका, नॉर्मल पुरतो.

तपासा: तयार टेक्स्चर भिंतीवर लावून, करड्या कार्डाने रंग जुळवून, मूळ फोटोशेजारी ठेवा. रेंडर जास्त लाल दिसत असेल तर फोटोचा व्हाइट बॅलन्स चुकला आहे.

## टप्पा ८: आकाश आपलंच हवं

एचडीआरआय हा टेक्स्चरचाच प्रकार आहे, पण त्याकडे कुणी मापाच्या नजरेने बघत नाही. २१ डिसेंबरला दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, पुण्यात ४८ अंश. एक मीटर उंच खांबाची सावली तिथे पावणेचार मीटर पडते, इथे ९० सेंटिमीटर. म्हणून हिवाळी युरोपचं आकाश लावलेला पुण्यातला बंगला परका वाटतो, कितीही नेटका मॉडेल केला असला तरी.

दिशेचा जिथे प्रश्न आहे तिथे सॉफ्टवेअरमधला सूर्य वापरा आणि साईटचं ठिकाण, तारीख, वेळ भरा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येतं. पडवी आणि छज्जे किती बाहेर काढायचे हे दाखवणारं चित्र असेल तर ही गोष्ट चुकून चालत नाही. एचडीआरआय फक्त मूड दाखवणाऱ्या चित्रांना ठेवा, आणि त्यातला सूर्य उंच असेल असं पाहून घ्या.

सावध: बिल्डरच्या जाहिरातीसाठी चित्र असेल तर खिडकीबाहेर जे नाही ते दाखवू नका. २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम सांगतं की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. चित्र तुम्ही बनवता, पण त्यावर विसंबून कुणीतरी आयुष्यभराची बचत घालतो. समोरचा टॉवर आहे तिथेच दाखवा. बिल्डरने काढायला सांगितला तर तसं लेखी मागा.

## टप्पा ९: कपाट लावा

वीस मटेरियल्स तपासून झाली की प्रत्येकाचं स्वतंत्र फोल्डर करा. फाइलच्या नावातच सगळं यावं: दगडाचं नाव, जुना की नवा, रुंदी मिलिमीटरमध्ये, रिझोल्यूशन, नॉर्मलचा प्रकार. नावं इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहा. देवनागरी नावं काही प्लगइनना वाचता येत नाहीत आणि मग रेंडरमध्ये मटेरियल काळं येतं. त्याच फोल्डरमध्ये परवान्याची मजकूर फाइल आणि उतरवल्याची तारीख ठेवा.

हे कपाट ऑफिसमध्ये एकाच जागी असू द्या, प्रत्येकाच्या डाउनलोड्समध्ये नको. माझ्याकडे एकदा प्रकल्प संपून आठ महिन्यांनी क्लायंटने एकच व्ह्यू पुन्हा मागितला. ज्याने तो केला होता तो मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि टेक्स्चर्स त्याच्या लॅपटॉपबरोबर गेली होती. चौदा मटेरियल्स पुन्हा बसवावी लागली आणि फरशीचा रंग शेवटपर्यंत आधीच्या चित्राशी जुळला नाही.

तेव्हापासून व्ह्यू फायनल झाला की आम्ही त्याच दिवशी दृश्य टेक्स्चर्ससकट बांधून ठेवतो. ब्लेंडरमध्ये त्यासाठी पॅक रिसोर्सेस आहे, थ्रीडीएस मॅक्समध्ये आर्काइव्ह. बांधलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून एक लहान रेंडर काढा. एकही टेक्स्चर हरवल्याची सूचना आली नाही, तरच मूळ फोल्डर बंद करा.